पाव फेरा

दुपारचं जेवण झालं की जिन्नाप्पा मगदूम गॅरेजमध्येच आडवा होतो. खाट वगैरे काही नाही. मोडीत गेलेल्या एका पिकअपची पुढची सीट भिंतीला लावून ठेवलेली आहे, तिच्यावरच. बाहेर मलकापूरच्या रस्त्यानं रत्नागिरीकडे जाणारे ट्रक गियर बदलत जातात, डोक्यावरचा पत्रा तापून तडतडतो, आणि एरवी एवढ्यात त्याचा डोळा लागलेला असतो. आज लागत नाही. डोळे मिटले की दोन ठिपके दिसतात आणि उघडले की समोर ती हिरवी पिकअप दिसते.

पिकअप दस्तगीर वस्तादांची. वस्ताद जाऊन नऊ महिने झाले. त्यांची मुलगी मेहरून रोपवाटिका चालवते, तीच आता या गाडीत आंब्या-काजूची रोपं भरून आंबा घाट उतरते. गॅरेजही आता तिच्याच नावावर आहे. चार वाजता ती गाडी न्यायला येणार आहे. येताना दिगंबर पेंटरलाही आणणार आहे, कारण बाहेरच्या ‘दस्तगीर मोटर वर्क्स’ या पाटीचा रंग उडालाय आणि तिथं आता जिन्नाप्पाचं नाव लागावं अशी तिची इच्छा आहे. दोन आठवडे ती मागे लागलीय आणि दोन आठवडे जिन्नाप्पा नको म्हणतोय. का नको, ते मात्र त्यानं कुणालाच सांगितलेलं नाही.

त्याचं कारण म्हणजे ते ठिपके. जिन्नाप्पा आणि वस्ताद, दोघांचं काम एकच, जुन्या पिकअप आणि जीपचे झिजलेले स्टिअरिंग बॉक्स. बॉक्स म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाशी असलेली ओतीव लोखंडाची पेटी. तिच्यात दांड्याचे आटे एका दातेरी चक्राला फिरवतात आणि चक्र चाकांना. गाडी आयुष्यभर बहुतेक सरळच धावते, त्यामुळं चक्राचे मधले दात झिजतात आणि बाजूचे कोरे राहतात. मग स्टिअरिंग दोन बोटं मोकळं फिरतं आणि गाडी बैलासारखी कडेला ओढ घेते. घाईचा मिस्त्री वरचा स्क्रू आवळून मोकळा होतो. गाडी सरळ रस्त्यावर छान चालते आणि घाटातल्या पहिल्याच वळणावर स्टिअरिंग अडकून बसतं. 

इथं तसं कधी झालं नाही. इथं चक्र बाहेर काढून पाव फेरा फिरवून बसवतात, म्हणजे कोरे दात मधे येतात. चक्राच्या शाफ्टचं टोक चौकोनी असतं, चाकांना ओढणारा आर्म त्यावर चारही बाजूंनी बसतो, म्हणून हे जमतं. आट्यांचा दांडा दुसऱ्या कुठल्या तरी जीपचा घालायचा. कुणाचं काय कुणाला चालतं ते वस्तादांना तोंडपाठ होतं. सांगलीपासून चिपळूणपर्यंतच्या गाडीवाल्यांत ‘वस्तादांचा पाव फेरा’ म्हणून हे काम ओळखलं जातं.

आणि इथं एक रीत आहे. बॉक्स बंद करणाऱ्यानं झाकणाच्या आतल्या बाजूला पंचानं एक ठिपका मारायचा. जिन्नाप्पाचा स्क्रूच्या डावीकडं, वस्तादांचा उजवीकडं. काम कुणाचं ते कळायला हवं, आणि एकानं बंद केलेला बॉक्स दुसऱ्यानं त्याला सांगितल्याशिवाय उघडायचा नाही. हा नियम वस्तादांनीच घालून दिलेला.

वस्ताद होते तोवर परत आलेला बॉक्स तेच उघडायचे. गेल्या दोन महिन्यांत मात्र जिन्नाप्पाचे स्वतःचे जुने चार बॉक्स त्याच्याच हातात परत आले, वर्षानुवर्षं चालून झिजलेले. पहिल्याचं झाकण उलटं केलं तर डावीकडं त्याचा ठिपका होता आणि उजवीकडं वस्तादांचा. दुसऱ्यात तेच, तिसऱ्यात तेच. चौथ्याचं झाकण त्यानं उलटं करायला दहा मिनिटं लावली. पाचवा बॉक्स या हिरव्या पिकअपचा, त्यानं आयुष्यात एकट्यानं बंद केलेला पहिला. आज सकाळी त्यातही दोन ठिपके निघाले.

म्हणजे बावीस वर्षं तो बॉक्स बंद करून जात होता आणि त्याच्या माघारी वस्ताद तो उघडून तपासत होते. तोंडावर कधी अवाक्षर नाही. उलट गिऱ्हाइकासमोर त्याच्या पाठीवर थाप. ज्याचं प्रत्येक काम चोरून तपासावं लागतं, त्यानं पाटीवर नाव कुठल्या तोंडानं लावायचं? वस्ताद जिवंत असते तर जिन्नाप्पानं निदान भांडून घेतलं असतं. मेलेल्या माणसाशी भांडायची काही सोय नाही, आणि तो राग नऊ महिन्यांच्या दुःखात असा कालवला गेलाय की दोन्हीतलं एकही नीट गिळवत नाही.

सीटचं दुसरं टोक दबतं. स्प्रिंग करकरते.

‘काय रं जिन्नू, गिऱ्हाईक यायची येळ आन् निजलास व्हय?’

वस्ताद सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसतायत. चष्म्याची डावी काडी नेहमीसारखी तारेनं बांधलेली. जिन्नाप्पाला कडाडून बोलायचं असतं, पण सवयीनं तो आधी उठून नीट बसतो आणि त्यांना जागा करून देतो. त्याचा त्यालाच राग येतो.

‘वस्ताद, तुम्ही गेलाय. मी स्वतः माती दिलीय.’

‘दिलीस की. सगळ्यांत मोठी मूठ तुझीच हुती.’

सीट आता पिकअपमध्ये आहे. समोर काच आहे, हातात स्टिअरिंग आहे आणि गाडी आंबा घाट उतरतेय. रस्ता मात्र गॅरेजच्या फरशीचा आहे, जागोजागी ऑइलचे तेच डाग पडलेला. जिन्नाप्पा स्टिअरिंग डावीकडं वळवतो तर गाडी वळत नाही, डोंगर वळतो. वस्तादांना त्यात काही वावगं वाटत नाही. ते कोपर खिडकीबाहेर काढून बसलेत.

‘माझे बॉक्स तुम्ही उघडले,’ जिन्नाप्पा म्हणतो.

‘उघडले.’

‘सगळे?’

‘जेवढे जमले तेवढे. तू घरी जेवायला गेलास की.’

सगळ्या पेठेत वस्तादांचं नाव होतं ते याच्यासाठी. बाकीचे मिस्त्री हाताखालच्या माणसाला अर्धा तास सोडत नव्हते आणि दस्तगीर वस्ताद रोज म्हणायचे, जा, बायकोच्या हातचं गरम जेव, घाई करू नकोस, चांगला तासभर बस. त्या तासासाठी जिन्नाप्पाची आई वस्तादांना दुवा देत मेली. जिन्नाप्पा घरी न जाता इथं जेवायला लागला तो वस्ताद गेल्यावर.

‘मग ठिपका कशाला मारला? चोरूनच उघडायचं होतं तर.’

वस्ताद त्याच्याकडं वळून बघतात. त्यांना खरोखरच प्रश्न कळलेला नसतो.

‘उघडला हुता न्हवं? उघडला की मारायचा. नियम हाय.’

‘नियम सांगून उघडायचा होता.’

वस्ताद चष्मा काढून पुन्हा पुसायला लागतात. जिन्नाप्पा विचारतो, माझं काय चुकत होतं तेवढं सांगा, एका तरी बॉक्समध्ये काय चुकलेलं सापडलं ते सांगा. वस्ताद म्हणतात, गाडी थांबीव.

गाडी मारुतीच्या देवळात उभी आहे. थेट आत, सभामंडपात. याच देवळातल्या पुजाऱ्याकडून वस्ताद शेंदूर आणायचे. तो तेलात कालवून चक्राच्या दातांना बोटानं लावायचे आणि स्टिअरिंग फिरवून बघायचे. जिथला शेंदूर पुसला जाईल तिथं दात लागतोय, जिथं तसाच राहील तिथं लागत नाही. जिन्नाप्पा त्यासाठी बाजारातला निळा रंग वापरतो, पण वस्तादांचा डबा शेंदराचाच. पुजारीबुवाही त्यांना कधी नाही म्हणाले नाहीत. तुमचं काम म्हणजे देवाचंच, लोक घाटातनं सुखरूप घरी येतात, म्हणायचे.

आता गाभाऱ्यात मारुती नाही. चौथऱ्यावर एक स्टिअरिंग बॉक्स ठेवलाय, शेंदराची पुटं चढून मूळ आकार दिसेनासा झालेला. बायका नारळ ठेवून जातायत. वस्ताद चपला काढतात आणि बॉक्सला प्रदक्षिणा घालायला लागतात. पाव वाटेवर येऊन थांबतात.

‘एवढंच,’ ते म्हणतात. ‘एवढ्यासाठी.’

‘मला कळेना, वस्ताद.’

‘मलाबी कळत नव्हतं. तीस वर्सं.’

ताडपत्रीचं छप्पर. पत्रा बसवण्याआधीचं जुनं गॅरेज. बाकावर हिरव्या पिकअपचा बॉक्स उघडा पडलाय, शेजारी झाकण उलटं ठेवलंय. झाकणावर अजून एकच ठिपका आहे, डावीकडचा. बाहेर ऊन रणरणतंय, कोपऱ्यात आंब्याची रिकामी पेटी पडलीय आणि वस्तादांचे केस काळे आहेत. ते दातांना अंगठ्यानं शेंदूर लावतात, दांडा फिरवतात, वाकून बघतात, पुन्हा फिरवतात. त्यांच्या कपाळावर घाम आलाय. जिन्नाप्पा त्यांच्या मागं उभा आहे आणि त्यांना ते माहीत आहे.

‘बघ कुठं लागतंय,’ वस्ताद म्हणतात.

शेंदूर पुसला गेलाय तो कोऱ्या दातांवर. एकसारखा, एका ओळीत.

‘ह्ये चक्र कुणी फिरवलं?’

‘तुम्ही,’ जिन्नाप्पा म्हणतो. ‘पाव फेरा तुम्हीच मला शिकवलात.’

‘कवा शिकवला?’

कधी शिकवला ते जिन्नाप्पाला आपल्या लग्नाच्या तारखेसारखं आठवतं. दसरा झाला होता. वस्तादांनी त्याला शेजारी बसवून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले, आता तुला एक खास गोष्ट देतो, यापुढं चक्र पाव फेरा फिरवून बसवत जा. जिन्नाप्पा त्या दिवशी त्यांच्या पाया पडला होता.

‘आन् ही गाडी कवाची?’

जिन्नाप्पा आंब्याच्या पेटीकडं बघतो. ही गाडी उन्हाळ्यातली. दसरा त्यानंतर पाच महिन्यांनी.

आणि मग बाकावर त्याला स्वतःचे हात दिसतात, सत्तावीस वर्षांचे, पहिला बॉक्स एकट्यानं बंद करताना घाबरलेले. शाफ्टच्या टोकावर एक खूण असते, आर्मवर एक. त्या जुळवून आर्म बसवायचा, चक्र होतं तिथंच येतं. ते हात घाईत आहेत. जेवायला जायचंय. आर्म दाबून बसवतात, नट आवळतात, आणि खुणांकडं बघायचं राहूनच जातं. चक्र पाव फेरा सरकलेलं असतं. त्या हातांना ते कळलेलंही नसतं.

‘मी चुकलो होतो,’ जिन्नाप्पा म्हणतो.

‘चुकलासच. पर मी तीस वर्सं न चुकता बसवत हुतो, आन् गाड्या वरसाच्या आत परत येत हुत्या. ही बावीस वर्सं आली न्हाई.’

‘म्हणजे माझंच तुम्ही मला शिकवलंत.’

वस्ताद पंच उचलतात, हातोडीचा हलका घाव घालतात. उजवीकडं ठिपका उमटतो.

‘मग बाकीचे कशाला उघडले? हा एक बघितलात, समजलं. नंतर बावीस वर्षं काय बघत होतात?’

‘तू म्होरं काय करतुयास ते. तू थांबत न्हवतास रं. दर खेपंला काय तरी नवं असायचं आत. एकदा शाफ्टभोवतीचा बुश एका अंगानं जाड कातलेला, एकदा दांडा भलत्याच गाडीचा. बसतोय कसा ते मला कळायचं न्हाई. शेंदूर लावून लावून बघायचो.’

‘विचारायचं होतं.’

‘कुणी? वस्तादानं?’

हे ते अगदी साधेपणानं म्हणतात. जिन्नाप्पाला सगळं एकदम आठवतं. या जुन्या बॉक्समधलं ऑइल तांबूस निघालं होतं, गंज समजून त्यानं ते धुऊन टाकलं होतं. गिऱ्हाईक वस्तादांचे हात हातात घ्यायचे आणि तो शेजारी उभा राहून अभिमानानं फुलायचा. बांबवड्याला रस्त्याला लागून जागा मिळत होती, स्वतःचं गॅरेज काढायला. एकदा नाही, तीनदा मिळत होती. तिन्ही वेळा तो विचारायला गेला, तिन्ही वेळा वस्तादांनी त्याचा उजवा हात हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाले, अजून हात बसायचाय.

‘आणि मी जातो म्हणालो तेव्हा?’ तो विचारतो. ‘तीनदा म्हणालो. तुम्हाला ठाऊक होतं ना तेव्हा? तरी हात बसायचाय म्हणालात. माझी तिशी गेली, चाळिशी गेली. का म्हणालात तसं?’

वस्ताद त्याचा उजवा हात हातात घेतात, नेहमीसारखा. उलटसुलट करतात. त्यांचा अंगठा त्याच्या अंगठ्यावर दाबला जातो आणि तो अंगठा गार लागतो, तेलकट लागतो.

‘सांगा,’ जिन्नाप्पा म्हणतो.

वस्तादांचे ओठ हलतात. रस्त्यावरून एक ट्रक गियर बदलत जातो, त्या आवाजात काही ऐकू येत नाही. सीटचं दुसरं टोक वर येतं.

पत्रा तडतडतोय. पावणेचार झालेत. जिन्नाप्पा उठून बसतो आणि तोंडावरून हात फिरवणार एवढ्यात थांबतो. उजव्या हाताचा अंगठा लाल आहे. ओला शेंदूर, तेलात नीट कालवलेला, रेषा रेषांत बसलेला.

तो फळीपाशी जातो. वस्तादांचा शेंदराचा डबा होता तिथंच आहे, नऊ महिन्यांची धूळ जशीच्या तशी. झाकण गंजून पक्कं बसलंय, दोन्ही हातांनी हलत नाही. मग तो पिकअपखाली वाकून बघतो. सकाळी बॉक्सच्या बोल्टांवर लावलेलं ग्रीस तसंच आहे, कुणाचं बोट लागलेलं नाही. पाना त्याच्या हातात असतो. दुपारभर हे बोल्ट पुन्हा खोलून स्वतःचं काम तपासायला त्याचा हात शिवशिवत होता. तो पाना परत खिळ्याला अडकवतो.

चार वाजता मेहरून येते, मागून शिडी खांद्यावर घेऊन दिगंबर पेंटर. मेहरून गाडीत बसते, नाक्यापर्यंत जाऊन वळून येते. जिन्नाप्पा दारात उभा राहून चाकांकडं बघतो. गाडी आखून दिल्यासारखी सरळ येते आणि दारासमोर अलगद वळते. दिगंबर तोवर शिडी लावून पाटीवरची धूळ पुसायला लागलेला असतो.

‘एका बोटावर फिरतंय, जिन्नूकाका,’ मेहरून खिडकीतून म्हणते. ‘तुमचा पाव फेरा म्हणजे बघायलाच नको.’

जिन्नाप्पा पुढं होऊन गाडीच्या दारावर हात ठेवतो. बावीस वर्षांत हे दोन शब्द ‘वस्तादांचा’शिवाय कुणाच्या तोंडून त्यानं ऐकलेले नाहीत.

‘काय म्हणालीस? कुणाचा?’

‘तुमचाच की. अब्बा घरात कायम सांगायचे. जिन्नू चुकला आन् माझं नाव झालं म्हणायचे.’ बोलता बोलता तिचा चेहरा उतरतो. आपण काय बोलून बसलो ते तिच्या ध्यानात येतं. ‘आम्हाला ताकीद हुती, काका. तुमच्यापुढं बोलायचं न्हाई म्हणून. आम्मीलाबी, मलाबी.’

‘का?’

ती स्टिअरिंगकडं बघत राहते. इंजिन चालूच असतं.

‘कळलं की जिन्नू जाईल, म्हणायचे.’

एवढंच. जिन्नाप्पा दारावरचा हात काढून घेतो. ईदला या घरात तो शिरखुर्मा प्यायला जायचा, बायकोला, मुलांना घेऊन. तिघं समोर बसून आग्रह करायचे. तिघांनाही ठाऊक होतं.

मेहरून खाली उतरायला बघते, काहीतरी बोलायला बघते. तो तिला सांगतो की उजेड आहे तोवर घाट उतर, रोपं उन्हानं माना टाकतील. बॉक्सची काळजी करू नकोस, म्हणतो. तो उघडून बघायची कुणाला गरज पडणार नाही. ती गेल्यावर तो हातातल्या चिंध्यांनी अंगठा पुसतो, मग रॉकेलनं पुसतो. ग्रीस जातं. शेंदूर जात नाही.

शिडीवरून दिगंबर विचारतो, शेवटी ठरलं का काही, काय लिहायचं?

‘माझं नाव लिही,’ जिन्नाप्पा म्हणतो. ‘जिन्नाप्पा मगदूम. आणि जुन्यावर रंग मारू नकोस. आधी खरवडून काढ.’

पत्रा खरवडल्याचा आवाज सुरू होतो आणि ‘दस्तगीर’मधल्या ‘द’चा निळा भुगा जिन्नाप्पाच्या खांद्यावर पडायला लागतो. तो बाजूला सरत नाही.

‘अक्षरांना रंग कुठला घेऊ?’ दिगंबर वरून विचारतो.

जिन्नाप्पा अंगठा वर धरतो, त्याला नीट दिसेल असा.

‘हा,’ तो म्हणतो. ‘अगदी हाच.’